परत आलेला फॉर्म

सोमवारी सकाळी पावणेदहाला, बाहेरच्या बाकांवर मुलांची रडारड नुकती सुरात यायला लागली होती, तेव्हा शिपायाने तिच्या टेबलावर एक पिवळं पाकीट ठेवलं आणि काढता पाय घेतला. एरवी हा माणूस टपाल ठेवून दाराशी रेंगाळायचा, हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलायचा. आज त्याला घाई होती, कारण पिवळ्या पाकिटातून काय येतं हे इस्पितळात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. जनुकांच्या प्रयोगशाळेने परत पाठवलेले फॉर्म. हाडांच्या डॉक्टरला आठवड्याला दोन तरी यायचे. हृदयवाल्याला तर इतके यायचे की त्याने ती पाकिटं उलटी करून त्यांवर बाजाराच्या याद्या करायला सुरुवात केली होती. तिला आजवर एकही आलं नव्हतं. एकोणीस वर्षांत एकही नाही. "अरे, पाकीट चुकलंय," ती त्याच्या पाठीला म्हणाली, "शेजारच्या खोलीत दे." तो वळला नाही. "नाव वाचलंय मी मॅडम. दोनदा वाचलं," असं दाराच्या कडीला सांगून तो गेला.

आता हे कबूल केलंच पाहिजे की तिला गर्व होता. मुलांच्या नसा आणि स्नायूंची डॉक्टर म्हणून तिचं नाव होतं, लोक लांबून यायचे, पण त्या कशाचा तिला एवढा अभिमान नव्हता जेवढा या फॉर्मांचा. ऐकणाऱ्याला हसू येईल, येवो. जनुकांची तपासणी इस्पितळात नवी आली तेव्हा डॉक्टरलोक ती चहा मागवल्यासारखी मागवायचे. 'वाढ कमी आहे, कारण शोधावे' एवढं खरडायचं, यादीतल्या लांबलचक नावांपैकी सगळ्यात महागडं दिसणारं नाव निवडून खूण करायची, आणि मूल रक्त काढायला धाडायचं. मग प्रयोगशाळेचा प्रमुख, एक काटकुळा, कायम स्वेटर घालणारा गृहस्थ, ते कागद परत पाठवून पाठवून थकायचा. त्याला सगळे पाठीमागे खोडरबर म्हणायचे, पुढेपुढे तोंडावरही म्हणायला लागले, आणि त्यालाही ते आवडत असावं. ती मात्र पहिल्या महिन्यातच समजून चुकली होती की मूल प्रयोगशाळेत जात नाही. तिथे जाते जांभळ्या टोपणाची एक नळी, दोन चमचेही नाही एवढं रक्त, आणि तुमचा कागद. रक्तात हजारो फरक निघतात, प्रत्येक माणसाच्या निघतात. "रक्त सगळंच बोलतं," ती शिकाऊ डॉक्टरांना सांगायची, "त्यातलं कुठलं ऐकायचं ते तुमचा कागद सांगतो." आणि मग ती टेबलाच्या खणातून हिरव्या प्लास्टिकची पट्टी काढायची, शाळकरी मुलं वापरतात तसली, वर्तुळं आणि चौकोन कापलेली. वंशवृक्ष छापील नको, संगणकावर नको, समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत हाताने काढायचा. बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन, गेलेल्यावर तिरकी रेघ, आजारी असलेला काळा भरायचा. काढून झाला की विचारायचं, आणखी कोणी? लोक म्हणतात, नाही. पुन्हा विचारायचं, आणखी कोणी? मग लांब राहणारे, भांडून तुटलेले आठवतात. तिसऱ्यांदा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती माणसं येतात ज्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. हे तिचं तिसऱ्यांदा विचारणं इतकं प्रसिद्ध झालं होतं की कँटीनमध्ये कोणी तिसऱ्या बिस्किटाला हात घातला तर पोरं एका सुरात ओरडायची, "आणखी कोणी?" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि मनातून सुखावायची.

पाकिटात तिचाच फॉर्म होता. गुरुवारी भरलेला. पाच वर्षांचा मुलगा, जिने चढताना कठडा धरतो, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकतो, पोटऱ्या टणक आणि जाड. आई बसचालक. कोपऱ्यात टाचणीने लावलेली चिठ्ठी, खोडरबरच्या मुंगीच्या पायांच्या अक्षरात. 'वंशवृक्षात मुलाच्या मामाला हाच आजार दाखवला आहे, चौदाव्या वर्षी मृत्यू. माहितीच्या रकान्यात मात्र मुलाची आई एकुलती एक असल्याची नोंद आहे. यांपैकी खरे कोणते?' ती मनातल्या मनात उसळली. म्हातारा डोळ्यांनी अधू झाला, दोन मुलांचे कागद एकत्र केलेत त्याने, आता फोन करून चांगलं ऐकवते, असं म्हणत तिने पान उलटलं. झाड तिचंच होतं. हिरव्या पट्टीने काढलेलं, तिच्याच काळ्या शाईच्या पेनाने. त्या बसचालक बाईच्या वर्तुळाशेजारी, आडव्या रेघेने जोडलेला एक चौकोन. नीट, कडेपर्यंत, एक ठिपकाही पांढरा न सोडता काळा भरलेला. त्यावर तिरकी रेघ. खाली आकडा, १४. भाऊ नसलेल्या बाईला तिने भाऊ दिला होता, आणि त्याला मारूनही टाकलं होतं. तिचे कान गरम झाले. चौकोन भरायला अर्धा मिनिट तरी लागतो. अर्धा मिनिट तिचा हात हे करत होता आणि ती तिथे नव्हती. बाहेर नर्सने पहिल्या मुलाचा नंबर पुकारला. तिने फॉर्म पालथा घातला आणि म्हणाली, पाठवा.

त्या सकाळी तिने सात मुलं तपासली आणि एकाशीही वाईट वागली नाही. पण प्रत्येक मूल गेल्यावर हात त्या पालथ्या कागदाकडे जायचा. कुठे होती ती, गुरुवारी? बसचालक बाई सांगत होती. गणवेशातच आली होती, मोठे, सवयीने रुंद ठेवलेले हात, एक मांडीवर आणि एक मुलाच्या पाठीवर. "हा उठतो ना डॉक्टर, तो स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो," बाई म्हणाली, आणि मुलाने उठून दाखवलं. आधी हात जमिनीवर, मग नडग्यांवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, एकेक पायरी. असं उठणारी शेकडो मुलं तिने पाहिली होती. त्यामुळे हात ढळायचं काही कारण नव्हतं. कारण बुधवारी संध्याकाळी होतं. बुधवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला होता, आणि लेक आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "आई, दिवस गेलेत मला. नववा आठवडा." तीही हसली, रडली, काय खा, काय नको, हे सगळं एका दमात बोलून गेली. आणि मग लेकीने सहज, अगदी सहज विचारलं, "क्लिनिकच्या कागदावर विचारलंय, घराण्यात कोणाला काही आहे का म्हणून. आपल्याकडे काही नाही ना?" "नाही," ती म्हणाली. "काही नाही." इतकं चटकन म्हणाली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. एकोणीस वर्षं लोकांना तीनतीनदा विचारणाऱ्या बाईने पहिल्याच प्रश्नाला खोटं सांगितलं होतं, आणि तेही पोटच्या पोरीच्या फॉर्मवर.

दादा. त्याला आठवायचं म्हटलं की आधी शिवणयंत्राचा आवाज येतो. आई घरातच कपडे शिवायची, पुढच्या खोलीत, मोठ्या लाकडी टेबलावर कापड पसरून, आणि ती दोघं टेबलाखाली बटणं निवडत बसायची. दादा तिच्यापेक्षा वर्षभराने मोठा. तो उठायचा तेव्हा असाच उठायचा, पायरी पायरीने, आणि तिला वाटायचं सगळे मोठे भाऊ असेच उठतात. तीही तसंच उठायची. दोघांनी त्या खेळाला नावही दिलं होतं, शिडी. "चल, शिडी करू," तो म्हणायचा, आणि दोघं एकमेकांसमोर ओणवी होऊन स्वतःच्या पायांवर चढायची. ती मुद्दाम हळू उठायची, कारण तो हरला की गप्प व्हायचा. आई हे बघून हसायची. एके दिवशी ती हसता हसता थांबली आणि तिने गळ्यातली टेप काढली. आईच्या गिऱ्हाइकांच्या मापांची एक जाड वही होती. तिच्यात बायकांच्या झग्यांची, पुरुषांच्या सदऱ्यांची मापं, आणि मध्येच, दर काही महिन्यांनी, दादाची. कंबर, मांडी, पोटरी, उंची. लहान मुलाच्या पँटीला पोटरीचं माप कोणी घेत नाही. आई घेत होती, कारण तिने बेतलेली निळी पँट मांडीत ढगळ झाली होती आणि पोटरीत अडकली होती, आणि तिच्या हातून कापड असं चुकत नव्हतं. ती वही घेऊन आई दादाला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नेत राहिली. एकजण म्हणाला, बाळसं आहे. एकजण म्हणाला, आळशी आहे, पळवा त्याला. एकाने वही हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, बाई, हे तुमच्या गिऱ्हाइकांचं आहे. पाच डॉक्टर झाले. पाचांपैकी एकानेही तो आकड्यांचा रकाना खालपासून वरपर्यंत वाचला नाही. ती आठ वर्षांची होती, आईच्या कोटाला धरून उभी होती, आणि तिने तेव्हाच ठरवलं असं म्हणणं खोटं होईल. आठ वर्षांची मुलं काही ठरवत नाहीत. पण तिला तो टेबलावर ढकलून दिलेला, पालथा पडलेला वहीचा पुठ्ठा आजही दिसतो, आणि आज सकाळपासून तिच्यासमोर असाच एक कागद पालथा पडला होता.

दुपारी तिने खोडरबरला फोन लावला. नमुना चांगला होता, फक्त दुरुस्त फॉर्म चारच्या आत पोचला तर त्या मुलाची नळी आजच्या खेपेत बसणार होती, नाहीतर पंधरा दिवस. तेवढंच बोलायचं, असं ठरवून तिने फोन लावला होता. "मॅडम, तुमचा फॉर्म म्हणून तीन वेळा बघितला मी," खोडरबर म्हणाला. त्याचा आवाज वरमलेला होता, जणू चूक त्याचीच होती. "चष्मा पुसून बघितला. पोरांना दाखवला, मी पडलो म्हातारा. राग नका मानू."

"राग कसला? चूक माझी आहे. मामा नाहीच. आई एकुलतीच आहे. नवीन झाड काढून पाठवते."

"बरं. म्हणजे तो चौकोन चुकून पडला."

ती हो म्हणणार होती. "चुकून नाही पडला," ती म्हणाली. "तो माझा भाऊ आहे."

खोडरबर सांत्वन करणारा माणूस नव्हता. तो आयुष्यभर कागदाला जे विचारत आला तेच त्याने विचारलं. "मग त्याचा फॉर्म कुठाय?"

बसचालक बाईचं झाड तिने दोन वेळा काढलं, पहिला कागद फाडला, दुसरा तपासला, पुन्हा तपासला, आणि साडेतीनला स्वतः जिना उतरून प्रयोगशाळेच्या खिडकीत देऊन आली. त्या मुलाची नळी वेळेत बसली. तेवढ्यापुरती तिची मान वर झाली, पण प्रश्न काही उतरेना. त्याचा फॉर्म कुठाय. दादा गेला तेव्हा अशी तपासणीच नव्हती, हे झालं एक उत्तर. पण ती आल्यालाही आता कितीतरी वर्षं झाली होती, आणि तिच्याइतकी ती कोणाला कळत नव्हती. हा स्नायू झिजवणारा आजार कसा चालतो हे ती रोज कोणत्या ना कोणत्या आईला समजावून सांगायची. आईच्या अंगात तो मुका असतो, तिला काही होत नाही. मुलीला दिला तर मुलीतही मुकाच. मुलाला मिळाला तर मात्र बोलतो. लेकीच्या वेळी ती स्वतः नऊ महिने श्वास धरून बसली होती, मुलगी झाली म्हटल्यावर ढसाढसा रडली होती, आणि नवऱ्याला वाटलं होतं आनंदाने रडतेय. दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की ती म्हणायची, एकच पुरे, मला काम करायचंय. लोकांनी तिला कामसू म्हटलं. भित्री होती ती. पण भीती फक्त स्वतःसाठी असती तर तिने दहा वर्षांपूर्वीच दंड पुढे केला असता. अडत होतं ते झाडाच्या टोकाला. तिचं नाही, लेकीचं नाही, आईचं वर्तुळ. दादा नसताना तपासणी आईपासूनच सुरू करावी लागते, आणि आजार जिच्यात मुका असतो तिच्या वर्तुळात मधोमध एक ठिपका द्यायचा असतो. तिने हजार आयांच्या वर्तुळात तो दिला होता, समजूत घालून, पाणी पाजून. एकोणऐंशी वर्षांच्या, चौदा वर्षं मुलाला कडेवर वाहिलेल्या आपल्या आईच्या वर्तुळात तो ठिपका देऊन 'हे तुझ्याकडून आलं' म्हणायला तिचा हात धजत नव्हता. म्हणून मग त्या हाताने गुरुवारी दादाला परस्पर दुसऱ्याच बाईच्या झाडात काढून टाकलं.

आई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची, खिडकीशी यंत्र, यंत्राशी ती. आता मोठं काम घेत नसे, पण शेजारपाजारच्यांची काजं, बटणं, उसवलेल्या शिवणी चालू असायच्या, आणि ती ते देताना अजूनही कपडा उलटा करून आतली बाजू आधी बघायची. "वरून काय, कोणीही छान दिसतं," हे तिचं ठरलेलं. तिच्या आयुष्यात एकही कपडा दुरुस्तीला परत आला नव्हता, आणि हे ती भेटेल त्याला सांगायची. लेक डॉक्टर झाल्याचं त्यानंतर सांगायची. त्या संध्याकाळी दार उघडून तिने लेकीकडे बघितलं आणि बस म्हणायच्या आधीच म्हणाली, "काय बिघडलं?"

"काही नाही. आई, ती मापांची वही कुठंय? दादाची मापं आहेत ती."

आईने दोरा दातांनी तोडला. "ती इथे नाही. तुझी लेक घेऊन गेली काल."

"काल? तिला काय माहीत वहीचं?"

"माहीत नव्हतंच. आली, बातमी सांगितली, माझ्या गळ्यात पडली. मग म्हणाली, आजी, आपल्या घरात कोण कोण होतं? मी सांगितलं, तुझे आजोबा, मी, तुझी आई. आणखी कोणी, म्हणते. मी म्हटलं, झालं एवढंच. आणखी कोणी, पुन्हा आपलं तेच. कुणाची पोर ती! तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उठले आणि कपाटातून वही काढली."

ती खुर्चीत बसली. "मी तिला सांगितलं होतं, काही नाही म्हणून."

"ते पण बोलली. म्हणाली, आईला काही विचारलं की ती आधी विचार करते, मग उत्तर देते. या वेळी लगेच दिलं. म्हणून तुझ्याकडे आले." आईच्या आवाजात नातीचं कौतुक मावत नव्हतं. मग तिने चष्मा काढला. "खोटं का सांगितलंस गं?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"ते आईकडून येतं, आई." बोलून गेली एकदाची. हजार वेळा बोललेलं वाक्य, आणि आज पहिल्यांदा स्वतःच्या आईला. "मला तुला ते सांगायचं नव्हतं."

आईने हातातल्या सदऱ्याची बाही सरळ केली. "मला सांगितलंय ते," ती म्हणाली. "सहावे डॉक्टर होते ते, मोठ्या इस्पितळातले. तुझ्या बाबांना बाहेर पाठवलं आणि मला सांगितलं. तुमच्याकडून आलंय, मुलीलाही असू शकेल. तू बाहेर बाकावर बसली होतीस, दहा वर्षांची. दाराच्या काचेतून दिसत होतीस. पाय हलवत होतीस."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तुझ्यासाठी," आई म्हणाली. आणि एकदम हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चांगलंच की! दोघींनी तोंडं शिवून घेतली, आणि शिवायला तर एकटीलाच येतं या घरात."

तीही हसली, आणि मग हसणं कुठे थांबलं आणि रडणं कुठे सुरू झालं हे दोघींनाही कळलं नाही. नंतर, चहा ठेवताना, पाठ करून, तिने विचारलं, "तुला वाईट वाटायचं? तुझ्याकडून गेलं म्हणून?" आई म्हणाली, "वाटायचं. रोज वाटायचं. पण लाज नाही वाटली कधी. चौदा वर्षांत त्याला माझ्या हातचा एक कपडा टोचला नाही. शेवटी बसवत नव्हतं त्याला, तर पँटीला मागे शिवण नको म्हणून मी सगळी पुढे घेतली. कोणी शिवत नाही तसं. तो म्हणायचा, आई, माझ्यासारखी पँट कोणाकडेच नाही." ती चहा ओतायची विसरली. इतक्या वर्षांत तिने आईला दादाविषयी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि तिच्या मनात भीतीच्या जोडीला दुसरंही काही उभं राहत होतं. तिला आईचा अभिमान वाटत होता. चांगला छाती भरून.

डॉक्टरने घरच्या माणसाची तपासणी स्वतः मागवायची नाही, असा इस्पितळाचा नियम होता. तो तिनेच लिहिला होता, हृदयवाल्याने सासऱ्याचा फॉर्म भरून सासूचंच वय चुकवलं त्या वर्षी. त्यामुळे मंगळवारी सकाळी नऊला तिघीजणी तिच्या धाकट्या सहकारिणीच्या खोलीत गेल्या. ही मुलगी सात वर्षांपूर्वी तिच्याकडे शिकाऊ म्हणून आली होती, आणि पहिल्या वर्षात तिला तीन पिवळी पाकिटं आली होती. खोलीत शिरताच थोरली डॉक्टर सवयीने टेबलाच्या पलीकडे, डॉक्टरच्या खुर्चीकडे वळली. "मॅडम," धाकटी म्हणाली, आणि अलीकडच्या खुर्च्यांकडे हात केला. "तुम्ही इकडे." ती निमूट बसली. एका बाजूला आई, मांडीवर हात जोडून, इस्त्रीचा कोट घालून. दुसऱ्या बाजूला लेक, वही छातीशी धरून. लेक सोमवारी रात्री फोनवर फार बोलली नव्हती. "तू सांगणार होतीस ना?" एवढंच विचारलं होतं. ती या वेळी आधी विचार करून म्हणाली होती, "माहीत नाही," आणि त्या उत्तरावर लेक म्हणाली होती, "ठीक आहे. उद्या येते." आता लेकीने न बघता तिचा हात धरला.

धाकटीने खणातून पट्टी काढली. हिरवीच. तिने आईकडे, म्हणजे आजीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही." आणि खरंच बोलली नाही. आईने सांगायला सुरुवात केली तेव्हा ती पाच डॉक्टरांशी बोलायची तशीच भरभर बोलत होती, कोणीतरी आता तोडेल म्हणून. कोणी तोडलं नाही. हळूहळू तिचा वेग उतरला. धाकटी लिहीत होती. आई थांबली की पेन थांबायचं, आई बोलली की चालायचं, आणि आई त्या पेनाकडेच बघायला लागली. "तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" धाकटीने विचारलं. "चार वर्षं दोन महिने," आई म्हणाली. "निळी पँट बेतली त्या दिवशी." लेकीने वही उघडली. धाकटीने ती जवळ ओढली आणि पोटरीच्या रकान्यावर बोट ठेवून खालून वर, मग वरून खाली वाचलं. साडेआठ इंच. साडेनऊ. दहा. अकरा. मांडी तेवढीच. "आजी," तिने मान वर न करता विचारलं, "ही मापं मी जशीच्या तशी उतरवून घेऊ? आम्ही पाठवलेल्या एकाही फॉर्मवर एवढी नोंद नसेल." आई खुर्चीत थोडी सरळ झाली. तिला आईकडे बघवेना, म्हणून ती फॉर्मकडे बघत राहिली, उलटा दिसत होता तरी वाचता येत होता. आजार प्रथम कोणाच्या लक्षात आला, या रकान्यात धाकटीने लिहिलं, 'आईच्या. व्यवसाय: शिवणकाम.'

झाड काढलं. आईचं वर्तुळ. धाकटीने त्यात ठिपका दिला नाही. "हे तपासणी ठरवेल," ती म्हणाली, "आधी आजींचं रक्त, त्यात सापडलं की तेवढंच तुम्हा दोघींमध्ये शोधतील. गर्भ आहे म्हणून तातडीची खूण करतेय. नाहीच सापडलं तरी शंभर टक्के सुटका झाली असं नाही, ते तुम्हाला माहीत आहे." तिला माहीत होतं. सापडलं तर काय, मुलगा असला तर काय, पुढचे तीन आठवडे कसे जाणार, हे सगळं तिला या खोलीतल्या कोणाहूनही जास्त माहीत होतं, आणि त्या माहितीचा या क्षणी काडीचाही उपयोग नव्हता. धाकटीने आईच्या वर्तुळाखाली चौकोन काढला, नीट, कडेपर्यंत काळा भरला, तिरकी रेघ ओढली, खाली १४ लिहिलं. शेजारी तिचं वर्तुळ. त्याखाली लेकीचं. दादा पहिल्यांदा स्वतःच्या झाडात, स्वतःच्या आईखाली, स्वतःच्या बहिणीशेजारी बसला.

"आणखी कोणी?" धाकटीने विचारलं. "नाही," तिघी म्हणाल्या. "आणखी कोणी?" आईने लांबच्या एका मावशीला आठवलं, तिला मुलंच नव्हती. धाकटीने तिलाही वर्तुळ दिलं. मग पेन टेकवून, थोडी अवघडून, कारण समोर ज्यांनी हे शिकवलं त्याच बसल्या होत्या, तिने तिसऱ्यांदा विचारलं, "आणखी कोणी?" मग आई पुढे वाकली आणि नातीच्या वर्तुळाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हा येतोय तो राहिला की. की ही असेल. त्याला काय काढता तुम्ही?" "पत्त्यातल्या चौकटचा आकार," ती म्हणाली, धाकटीच्या आधी. "मुलगा की मुलगी ते ठरेपर्यंत." "मग काढा," आई म्हणाली. "जागा सोडू नका त्याची." धाकटीने काढला. आत काही न भरता, पांढरा स्वच्छ.

तिघींचं रक्त घेऊन झालं. आईने सुई टोचताना तोंड फिरवलं नाही, उलट टाका कसा घालतात ते बघावं तसं बघितलं. जांभळ्या टोपणाच्या तीन नळ्या, तिघींचे तीन फॉर्म, झाड एकच. सही करायची वेळ आली तेव्हा तिचा हात डावीकडे, तपासणी मागवणाऱ्या डॉक्टरच्या रकान्याकडे गेला, थांबला, आणि उजवीकडे, रुग्णाच्या रकान्याकडे आला. तिथे तिने संपूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहायची तसं. मग आईने आपला फॉर्म मागून घेतला. वरून नजर फिरवली, आणि सवयीप्रमाणे तो उलटा करून मागची बाजू बघितली. "बेतलंय चांगलं," ती धाकटीला म्हणाली, आणि धाकटी लाजली. मग आईने कागद आपल्या डॉक्टर लेकीपुढे धरला. "तू बघ एकदा. तुमच्यात परत पाठवतात म्हणे. हा परत नाही ना येणार?"

तिने फॉर्म हातात घेतला. एकोणीस वर्षं जशी वाचत आली तशी पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, खोट काढायला, तारीख, वय, आकडे, चौकोन, रेघ. मध्ये दोन वेळा अक्षरं पुसट झाली म्हणून तिला पुन्हा वरून यावं लागलं. आई वाट बघत उभी होती, कोटाची बटणं लावून, पाच दारांतून परत पाठवलेली. शेवटच्या ओळीपर्यंत पोचून तिने मान वर केली.

"नाही आई," ती म्हणाली. "दादाचा फॉर्म परत येणार नाही."